भूत जोलोकिया सोलापुरी स्वयंपाकघरात: वापर आणि साठवण

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त आसाममध्ये तेजपूरला असतो. या वेळी गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी येताना त्याने सुमारे एक किलो पिकलेली, लालभडक भूत जोलोकिया मिरची आणली आहे. फळे ताजी आहेत, देठ हिरवे आहेत आणि पिशवी उघडताच पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. त्या वासावर विश्वास ठेवून कोणी चावा घेईल, म्हणून पिशवी सध्या फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवली आहे.

एक मिरची अख्खी खाऊन दाखवण्याची पैज वगैरे लावायची नाही. मला ही मिरची रोजच्या स्वयंपाकात, म्हणजे शेंगाचटणीत, रंजक्यात (ओल्या लाल मिरचीच्या मुरवलेल्या ठेच्यात) आणि शक्य असल्यास वर्षाच्या तिखटात वापरायची आहे. घरात आईला पित्ताचा त्रास आहे आणि दोन लहान मुले आहेत, त्यामुळे प्रमाण चुकून चालणार नाही. हाताळताना कोणती काळजी घ्यावी, कोणत्या पदार्थात किती घालावी आणि उरलेली वर्षभर कशी टिकवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अक्कलकोटची_सून

प्रमाणाचा विचार नंतर करू, आधी हात आणि डोळे सांभाळा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वर्षाच्या मिरचीचे देठ खुडताना हातांची आग होतेच, आणि त्यावर खोबरेल तेल चोळून आपण कामाला लागतो. या मिरचीच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे नायट्रिलचे हातमोजे आणा, कारण अतिशय पातळ रबरी मोज्यांतून तिखट झिरपू शकते. मोजे काढतानाही ते उलटे करून काढावेत आणि लगेच टाकून द्यावेत. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्या व्यक्तीने हे काम करूच नये, कारण हात धुतल्यानंतरही बोटांच्या पेरांवर जे उरते, ते रात्री लेन्स काढताना डोळ्यात जाते.

हाताला लागलेच, तर पाण्याखाली हात धरून बसू नका. आधी कोणतेही खाद्यतेल चोळावे, ते कागदाने पुसून काढावे, नंतर भांडी घासण्याचा साबण लावून धुवावे आणि हे सर्व पुन्हा एकदा करावे. कापण्यासाठी लाकडी पाट घेऊ नका, कारण लाकूड ते तेल शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाटावर कापलेले सफरचंद मुलांना खाता येत नाही. काचेची किंवा स्टीलची ताटली उत्तम. मिक्सरचे भांडे वापरणार असाल, तर झाकणाच्या रबरात तिखट अडकून राहते, हे ध्यानात ठेवा. माझ्याकडे अशा कामासाठी एक लहान भांडे वेगळे काढलेले आहे आणि त्यात दुसरे काही वाटायचे नाही, असा घरात नियम आहे.

रसायनप्रेमी

वहिनींनी पाण्याविषयी जे लिहिले आहे, त्यामागचे कारण सांगतो, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. मिरचीचा तिखटपणा मुख्यतः कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मात्र तेलात, तुपात आणि मद्यार्कात सहज विरघळते. ते तयार होते फळाच्या आतील पांढरट शिरांमध्ये, म्हणजे ज्या गराला बिया चिकटलेल्या असतात त्या भागात. बियांमध्ये ते मुळात नसते, शेजारच्या शिरांचे लागलेले असते. म्हणून बिया झटकून टाकल्या तरी मिरची फारशी सौम्य होत नाही, शिरा खरवडून काढल्या तर मात्र बराच फरक पडतो. भूत जोलोकियात यालाही मर्यादा आहे, कारण या जातीच्या फळांत आतल्या सालीवरही तिखटाच्या बारीक ग्रंथी आढळतात.

तोंडाची आग ही चव नसून वेदना आहे. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी जी ग्राहके असतात, त्यांपैकी टीआरपीव्ही-१ नावाचे ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे चेतवले जाते आणि कॅप्सेसिनही त्याच ग्राहकाला चेतवते. ते १९९७ मध्ये शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह विभागून मिळाले. म्हणजे मिरची खाल्ल्यावर मेंदूला जीभ भाजल्याचीच खबर जाते. (एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या हवेचा पाराही तिथपर्यंत पोहोचतो, तो भाग निराळा.)

आता प्रमाणाकडे येतो. अमेरिकी औषधनिर्माणतज्ज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखट मोजण्याची पद्धत सुचवली. मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पट पातळ केल्यावर चाखणाऱ्याला तिखट लागेनासा होतो, यावरून तो आकडा काढत असत. आता यंत्राने कॅप्सेसिन मोजतात आणि त्याचे स्कोव्हिल एककांत रूपांतर करतात. २००७ मध्ये गिनीज बुकाने भूत जोलोकियाला जगातील सर्वांत तिखट मिरची ठरवले, तेव्हा तिचा आकडा १०,०१,३०४ होता. पुढे २०१३ मध्ये कॅरोलायना रीपरने आणि २०२३ मध्ये २६,९३,००० एककांच्या पेपर एक्सने हा मान घेतला. आपली ब्याडगी याच मोजमापावर साधारण दहा हजारांच्या आसपास असते.

हे आकडे सुकलेल्या मिरचीच्या वजनावर काढलेले असतात, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ओल्या मिरचीत नऊ दशांशाच्या आसपास पाणीच असते. तेव्हा सुक्याची तुलना सुक्याशी आणि ओल्याची ओल्याशी करावी. एक किलो सुक्या ब्याडगीच्या तिखटात १० ग्रॅम सुक्या जोलोकियाची पूड मिसळली, तर त्या दहा ग्रॅममुळेच मिश्रणात सुमारे दहा हजार एककांची भर पडते, म्हणजे संपूर्ण किलोभर तिखट दुप्पट जहाल होते. ओल्याचेही गणित हेच आहे. शंभराला एक, एवढे एकच प्रमाण पाठ ठेवावे आणि पहिल्यांदा त्याच्याही निम्म्याने सुरुवात करावी, कारण एकाच झाडाच्या दोन फळांतही बरीच तफावत असते.

या हिशेबाने आपल्याकडची एक किलो ओली मिरची सुकल्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅम भरेल आणि ती दहा-बारा किलो सौम्य तिखट दुप्पट जहाल करू शकेल. आपल्या कुटुंबाला वर्षाला तीन-चार किलो तिखट लागत असेल, तर हा तीन वर्षांचा साठा आहे. भूत जोलोकियाला मिरची न समजता अर्क समजावे, म्हणजे वापराचे आणि साठवणीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

कडकभाकरी

हिशेब पटला, परंतु मला मूळ प्रश्नच विचारावासा वाटतो की, हे करावे कशासाठी? सोलापुरी तिखटाची ओळख केवळ जहालपणात नाही. आपण ब्याडगी रंगासाठी घेतो, गुंटूरकडची मिरची किंवा लवंगी तिखटपणासाठी घेतो, आणि प्रत्येक घराचे मिश्रण वेगळे असते. मधल्या मारुतीच्या परिसरातील मसाल्याच्या दुकानात उभे राहिले, तर गिऱ्हाईक आधी मिरची मोडून वास घेते आणि नंतर भाव विचारते. रंग आणि तिखटपणा ही दोन निरनिराळ्या द्रव्यांची कामे आहेत, त्यामुळे लाल दिसते म्हणून जोलोकियाने रश्श्याला रंग येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. एवढीशी मिरची घातल्यावर रंग येणार तरी किती?

दुसरे म्हणजे तिचा तो फळासारखा वास. लसूण, जिरे आणि भाजलेले शेंगदाणे यांच्या खमंगपणात तो वास मला परका वाटतो. एका लग्नघरी शेंगाचटणीत ती घातलेली मी खाल्ली आहे. चटणी तिखट होती, परंतु चटणीसारखी लागत नव्हती. आंबट आणि दुधाळ पदार्थांत मात्र हीच मिरची शोभते, हे मान्य करतो. कैरीच्या तक्कूत, टोमॅटोच्या सारात किंवा घट्ट दह्यात तिचा वास उठून येतो. आसाम-नागालँडकडेही ती आंबवलेले बांबूचे कोंब, मासे आणि डुकराचे मांस यांच्याबरोबर वापरतात, तेलकट-खमंग चटणीत नव्हे. नागालँडच्या नागा मिरचीला २००८ मध्ये आणि ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते काही दोन्ही सारख्याच म्हणून नाही.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे आभार. शंभराला एक हे प्रमाण वाचून पिशवीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. एक किलो म्हणजे थोडीच आहे, असे मी समजत होतो.

आणखी दोन शंका आहेत. वर्षाचे तिखट आम्ही कांडप यंत्रावर कुटून आणतो, तेव्हा ही मिरची सुकवून त्यातच टाकावी का? आणि शेजारच्या काकूंनी असे सुचवले की, लसूण आणि मिरच्या ठेचून बरणीत भराव्यात, वर बुडेल इतके शेंगतेल ओतावे आणि बरणी ओट्यावर ठेवावी, वर्षभर काही होत नाही. हे बरोबर आहे का?

पूर्वभाग

कांडपावर ही मिरची अजिबात नेऊ नका. डंक्याच्या उखळीत मागच्याचे तिखट थोडे ना थोडे राहतेच आणि ते पुढच्याच्या मसाल्यात जाते. नेहमीच्या मिरचीत त्याने काही बिघडत नाही, मात्र ही मिरची कुटल्यानंतर पुढे ज्यांचा गोडा मसाला किंवा बाळाची बाजरी कुटायला येईल, त्यांनी काय करावे? शिवाय तिथे काम करणाऱ्या बायका दिवसभर त्या धुरळ्यात उभ्या असतात. साधे तिखट नेहमीप्रमाणे कुटून आणा, चाळा, आणि त्यानंतर घरी जोलोकियाची पूड वजन करून मिसळा. मिसळताना आधी पूड मूठभर तिखटात कालवावी, ती मूठ पाव किलोत, आणि ते पाव किलो उरलेल्या सगळ्यात. एकदम किलोभर तिखटावर चिमूट टाकून ढवळले, तर एके ठिकाणी काहीच नाही आणि दुसऱ्या ठिकाणी स्फोट, असा प्रकार होतो.

काकूंच्या तेलाच्या बरणीविषयी माझे मत असे की, सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात तेलुगू घरांमधून आवकाय, म्हणजे कैरीचे लोणचे, वर्षभर तेलात टिकते, हे खरे आहे. मात्र त्यात कैरीचा आंबटपणा असतो, मीठ आणि मोहरीची पूड सढळ असते आणि फोडी कोरड्या पुसून घेतलेल्या असतात. नुसते तेल टिकवण्याचे काम करते, असे मला वाटत नाही. याविषयी रसायनप्रेमींनी लिहावे.

रसायनप्रेमी

आपले निरीक्षण अचूक आहे आणि काकूंची पद्धत खरोखर धोक्याची आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. तेल जंतूंना मारत नाही, ते फक्त हवा अडवते. जमिनीतून आलेल्या लसणावर आणि मिरचीवर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हवा नसलेली, ओलसर, कमी आंबट आणि उबदार जागा मिळाली की हा जिवाणू वाढतो आणि अत्यंत घातक विष तयार करतो. ओल्या लसूण-मिरचीवर तेल ओतून बरणी सोलापूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवणे, म्हणजे या चारही अटी पूर्ण करणे होय. विष झाले तरी वासात, रंगात किंवा चवीत फरक पडेलच असे नाही, आणि मिरची कितीही तिखट असली तरी ती या जिवाणूला आवरते असे समजू नये.

आंबटपणा वाढवून सामू (पीएच) ४.६ च्या खाली आणला, म्हणजे पुरेसा लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा कैरी घातली, तर हा जिवाणू वाढत नाही. मीठ भरपूर असले तरी वाढत नाही, आणि पदार्थ पूर्ण कोरडा असला तरी वाढत नाही. आपल्या लोणच्यांत आंबट आणि मीठ दोन्ही असतात, म्हणून ती टिकतात. ओली मिरची तेलात हवीच असेल, तर थोडीच करावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. खडखडीत वाळलेल्या मिरचीचे तेल तुलनेने सुरक्षित असते. दोन वाळलेल्या जोलोकिया अर्धा लिटर शेंगतेलात मंद आचेवर गरम करून, गाळून ठेवल्या, तर कॅप्सेसिन बरेचसे तेलात उतरते आणि ते थेंबाने वापरता येते. शेंगाचटणीत प्रमाण सांभाळायला पुडीपेक्षा असे तेल अधिक सोयीचे, कारण ते चटणीभर सारखे पसरते.

अक्कलकोटची_सून

आता रंजक्याविषयी लिहिते, कारण जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात पिकलेली ओली लाल मिरची येते आणि आपली मिरची नेमकी याच वेळी आली आहे.

एक किलो ओली लाल मिरची धुऊन, सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करावी आणि नंतरच देठ काढावेत. देठ आधी काढले तर पाणी आत शिरते आणि रंजका लवकर बुरसतो. त्यात जोलोकियाची दोनच फळे घालावीत. एक फळ साधारण सहा-सात ग्रॅमचे भरते, म्हणजे प्रमाण शंभराला एकच्या किंचित पुढे जाते. पित्ताचा त्रास असणाऱ्या घरात एकच पुरे. शंभर ते सव्वाशे ग्रॅम मीठ, लसणाचा एक मोठा गड्डा, तुपात किंवा तेलात तळलेली आणि पूड केलेली मेथी दोन चमचे, हिंग, आणि आठ-दहा लिंबांचा रस घ्यावा. मिरची, मीठ आणि लसूण भरड वाटून चिनी मातीच्या बरणीत भरावे, वर फडके बांधून तीन दिवस सावलीत ठेवावे आणि रोज कोरड्या लाकडी चमच्याने हलवावे. तिसऱ्या दिवशी लिंबाचा रस, मेथी आणि हिंग घालून पुन्हा एकदा बारीक वाटावे. खाताना वाटीत थोडा घेऊन त्यावर तेल किंवा दही घालावे, बरणीत तेल घालू नये.

वाटण्याचे काम गच्चीवर किंवा मागच्या दारी करावे. मिक्सर थांबल्यावर लगेच झाकण उघडू नका, आतला फवारा खाली बसू द्या आणि उघडताना तोंड बाजूला घ्या. भांडे धुताना गरम पाणी ओतले की त्याची वाफ थेट छातीत जाते. म्हणून आधी तेलाचा बोळा फिरवावा, नंतर साबण आणि गार पाणी. आमच्या सासूबाई रंजक्याचा पाटा-वरवंटाही आधी ज्वारीच्या पिठाने पुसून काढत असत. पीठ तेलकट अंश टिपून घेते आणि ते पीठ टाकून देता येते.

उन्हाळ्यात हा प्रकार करू नये. पारा चाळिशीच्या वर गेल्यावर वाटण फार झपाट्याने आंबते, फसफसून बरणीबाहेर येते आणि चवीला उग्र होते. थंडीत ते सावकाश मुरते.

गच्चीवरचा_माळी

सुकवण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे आपल्याला यंत्राची गरज नाही, मात्र भर उन्हात मिरची उघडी ठेवू नये, कारण कडक उन्हाने रंग उडतो. फळे उभी चिरून, दोन भाग करून, स्टीलच्या ताटात पसरावीत, वर पांढरे पातळ सुती कापड ताणून बांधावे आणि ताट गच्चीवर वाऱ्याच्या आडोशाला ठेवावे. अख्खे फळ बाहेरून वाळलेले दिसते, पण आत पोकळीत ओल राहते आणि तिथे बुरशी धरते. संध्याकाळी दव पडण्याआधी ताट आत आणावे. दुमडल्यावर वाकते ती मिरची अजून ओली आहे, आणि कडकन मोडते ती तयार झाली, असे समजावे. घरातल्या ओव्हनमध्ये सुकवू नये. त्या खोलीत नंतर तासभर कोणाला थांबता येत नाही.

ओल राहिलेल्या मिरचीवर जी बुरशी येते, तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात, जे यकृताला घातक असते आणि तळल्याने किंवा भाजल्यानेही पुरते नाहीसे होत नाही. त्यामुळे काळी-करडी बुरशी दिसलेले फळ पुसून वापरू नका, टाकून द्या. वाळलेली मिरची काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, अंधाऱ्या कपाटात ठेवावी आणि पूड लागेल तशी थोडीच करावी. अख्ख्या मिरचीचा वास जितका टिकतो, तितका पुडीचा टिकत नाही.

बियांविषयीही सांगतो, कारण तुम्ही पुढे विचारालच. बिया ठेवा, पण आसामइतकी तिखट फळे मिळतील, अशी आशा ठेवू नका. तेजपूर आणि ग्वाल्हेर येथे वाढवलेल्या भूत जोलोकियाची तुलना २००५ मध्ये झाली होती आणि ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिचा तिखटपणा निम्म्याहून अधिक घटलेला आढळला होता. सोलापूरची हवा तेजपूरपेक्षा ग्वाल्हेरच्याच अधिक जवळची आहे. मला तर हा तोटा वाटत नाही, कारण निम्मी तिखट असली तरी ती ब्याडगीच्या कितीतरी पट पुढे राहते. बी उगवायला दोन ते पाच आठवडे लागू शकतात, म्हणून घाबरून माती उकरू नये. मे महिन्याच्या शेवटी सावलीत रोपे करावीत, पावसाळ्यात कुंडीत लावावीत, म्हणजे फुलोरा थंडीच्या तोंडावर येतो. भर उन्हाळ्यात फुले आली तर ती गळतात. फुलकिडे आले की पाने चुरडतात, त्याकडे सुरुवातीपासून लक्ष असू द्यावे. शेजारी ढोबळी किंवा लवंगी असेल, तर पुढच्या पिढीचे बी मिश्र निघू शकते.

दवाखान्यातील_रात्रपाळी

मी रुग्णसेवेत काम करते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते. डोळ्यात गेल्यास चोळू नये आणि दूध-तूप काही घालू नये. स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटे डोळ्यावर सोडावी आणि त्यानंतरही दिसण्यात फरक वाटला, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तोंड भाजल्यास थंड दूध, ताक किंवा दही घ्यावे. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून वाहून नेते, त्यामुळे साय काढलेले दूधही चालते. नुसते पाणी पिऊन उपयोग होत नाही. दमा असलेल्या व्यक्तीला फोडणीच्या वेळी घरात थांबू देऊ नये, आणि धाप लागल्यास वाट पाहू नये.

पैजेने अख्खी मिरची खाण्याविषयी आपण आधीच नकार दिला आहे, ते उत्तम. अतितिखट मिरची खाल्ल्यानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून असह्य डोकेदुखी झाल्याची आणि जोराच्या उलट्यांनी अन्ननलिका फाटल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पाहुण्यांना न सांगता असा पदार्थ वाढणे, ही गंमत नव्हे.

कडकभाकरी

फोडणीचा विषय निघाला, म्हणून माझाही अनुभव लिहितो. ही मिरची कडकडीत तेलात कधीही टाकू नये. तिखटपणा शिजवल्याने नष्ट होत नाही, उलट तापलेल्या तेलातून त्याचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि शेजारच्या घरातही ठसका लागतो. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने याच मिरचीपासून जमाव पांगवण्याचे हातगोळे तयार केले आहेत, आणि आसामात शेतात शिरणारे हत्ती थोपवण्यासाठी कुंपणाच्या दोरांना हिचा लेप लावतात. असा प्रयोग आपल्याच स्वयंपाकघरात कशाला करायचा?

रस्सा उतरवण्याआधी दहा मिनिटे एक अख्खे, न चिरलेले फळ देठासकट त्यात सोडावे आणि फुटण्यापूर्वी काढून घ्यावे. वास उतरतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. एकच फळ असे दोनदा वापरता येते. घट्ट दही, मीठ, किंचित साखर आणि किसलेली जोलोकिया नखाएवढी, हे मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर फार चांगले लागते, हे मी आधीचा आक्षेप कायम ठेवून नमूद करतो. शेंगाचटणीला मात्र माझा विरोध तसाच आहे.

पूर्वभाग

शेंगाचटणीवर मी कडकभाकरींशी असहमत आहे. वास परका लागतो तो ओली मिरची घातल्यामुळे. मिरची वाळवून, कोरड्या तव्यावर खिडक्या उघड्या ठेवून अगदी मंद आचेवर क्षणभर शेकली, तर फळाचा वास बराच कमी होतो. अर्धा किलो भाजलेल्या शेंगदाण्यांना नेहमीचे ब्याडगीचे तिखट तेवढेच ठेवावे आणि त्यावर अर्धा ग्रॅम जोलोकियाची पूड घालावी. स्वयंपाकाच्या काट्यावर अर्धा ग्रॅम दिसत नाही, त्यासाठी दागिने तोलायचा छोटा काटा आणावा, तो फार महाग नसतो. चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटावी, म्हणजे तिखट त्या तेलात मिसळून सारखे पसरते. मिक्सरवर भुरभुरीत केलेल्या चटणीत ते ठिकठिकाणी लागते. कुटल्यावर लगेच चव घेऊन अंदाज बांधू नका, दुसऱ्या दिवशी ती अधिक तिखट लागते.

जुळेसोलापूरकर

सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सर्व वाचून मी असे ठरवले आहे की, एक किलोपैकी साधारण चारशे ग्रॅम चिरून वाळवीन, दोन फळे रंजक्यात आणि पाच-सहा फळे दह्यासाठी व रश्श्यासाठी ठेवीन, मूठभर फळे मागणाऱ्या मित्रांना सूचनांसह देईन आणि उरलेली फ्रीझरमध्ये ठेवीन. आईसाठी रंजक्याची वेगळी, जोलोकिया नसलेली बरणी होईल. फ्रीझरबद्दल कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे उन्हाळ्यात वीज अधूनमधून जाते.

अक्कलकोटची_सून

फ्रीझर ही सर्वांत सोपी पद्धत आहे. गोठवल्याने तिखटपणा कमी होत नाही, फक्त साल मऊ पडते. फळे धुऊन, पूर्ण कोरडी करून, देठासकट ताटलीत सुटी पसरून गोठवावीत आणि कडक झाली की स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात भरावीत. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, तर वास बर्फात आणि आइस्क्रीममध्ये उतरतो. वापरताना फळ वितळू देऊ नये. गोठलेलेच बारीक किसणीवर दोन-तीनदा घासावे आणि लगेच परत ठेवावे. असे किसणे चाकूने कापण्यापेक्षा सुरक्षितही आहे, कारण रस उडत नाही.

वीज तास-दोन तास गेली आणि डबा उघडला नाही, तर काळजी नाही. फळे वितळून मऊ पडली असतील, तर पुन्हा गोठवू नका. त्याच दिवशी त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके मीठ आणि सर्व ओले होईल इतका लिंबाचा रस घालून वाटा आणि लहान काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. ते वाटण चहाच्या चमच्याच्या टोकाने वापरायचे. बाटलीवर आणि फ्रीझरच्या डब्यावर ठळक अक्षरांत नाव व तारीख लिहा, आणि मुलांना अजून वाचता येत नसेल, तर डबा वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेपासून दूर ठेवा.